दागिना आणि खर्ज: फानी हेन्सेल ध्वनिफेरीच्या नोंदी

२ मार्च, रविवार

मंडळाच्या बैठकीत विषय मी सुचवला, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं. दर वसंतात आम्ही बर्लिनमधली मराठी घरं मिळून एक पायी फेरी काढतो. यंदा तिला आवाज द्यायचं ठरलंय: प्रत्येकाच्या फोनवर मराठी ध्वनिफीत, कानात गोष्ट आणि पायाखाली तीच जागा.

गोष्ट संगीतकार फानी हेन्सेलची, माहेरची मेंडेल्सोन. जन्म हॅम्बर्ग, १४ नोव्हेंबर १८०५. मृत्यू बर्लिन, १४ मे १८४७. साडेचारशेच्या आसपास रचना. त्यांतल्या जिवंतपणी स्वतःच्या नावानं छापून आलेल्या अगदी थोड्या. धाकटा भाऊ फेलिक्स. सिनेमात चर्चमधलं लग्न दाखवलं की हमखास जी धून वाजते, ती त्याची.

लांबी पंचवीस मिनिटं, थांबे तीन. फेरी ११ मेला, रविवारी. तिच्या घरच्या मैफली रविवारी असत, आणि तिची पुण्यतिथी त्याच आठवड्यात येते.

संहिता आणि आवाज माझा. ध्वनिसंपादन मंडळातला एक मित्र करणार. फोल्डर उघडला, नाव दिलं 'एफ_मेंडेल्सोन'. एवढंच काम झालं आज.

५ मार्च

पहिला खर्डा एका बैठकीत झाला, आणि इतका सरळ झाला की शंका आली. मोजून पाहिलं: 'फेलिक्स' ३८ वेळा, 'फानी' २३ वेळा. म्हणजे भावाच्या सावलीत राहिलेल्या बाईबद्दल लिहिताना मीच भावाला पुढच्या रांगेत बसवलं. 'फेलिक्सची बहीण', 'फेलिक्सपेक्षा तीन वर्षांनी मोठी', 'फेलिक्सइतकीच गुणी'. सगळी मापं त्याचीच.

स्वतःला नियम घातला: पहिल्या थांब्यावर भावाचं नाव घ्यायचं नाही. नंतरही अगदी अडलं तरच. प्रत्येक खर्ड्याच्या शेवटी मोजणी लिहायची.

९ मार्च, रविवार

दोन शब्दांवर अख्खा रविवार गेला.

वडील आब्राहाम यांनी १६ जुलै १८२० रोजी मुलीला पत्र लिहिलं. ती चौदा वर्षांची होती, भाऊ अकराचा. (नियम चारच दिवसांत मोडला. हे पत्रच दोघांची तुलना करणारं आहे, त्याला मी काय करू?) मतितार्थ असा: संगीत हा त्याचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते नेहमी 'त्सीर्डे'च राहू शकतं आणि राहायला हवं, तुझ्या असण्याचा आणि करण्याचा 'ग्रुंडबास' कधीच नाही.

त्सीर्डे म्हणजे शोभा, अलंकार. 'भूषण' फार आदराचा शब्द झाला. वडिलांच्या मनात आदर नव्हता असं नाही, पण भूषण म्हटलं की सत्कारसमारंभ डोळ्यांपुढे येतो. 'दागिना' बरोबर वाटतो. तो कपाटात असतो, चार लोक जमले की बाहेर निघतो, आणि त्यावरून घराची ऐपत कळते.

ग्रुंडबास अडकला. शब्दशः संगीतातली संज्ञा: स्वरमेळाच्या तळाशी असलेला मूळ स्वर, ज्याच्यावर वरचं सगळं उभं राहतं. 'पाया' लिहिलं तर अर्थ पोचतो आणि संगीत निसटतं. 'षड्ज' लिहिलं तर फार शास्त्रीय. आब्राहाम बँकर होते, पण घरात संगीत मुरलेलं होतं. नकार द्यायलाही त्यांनी संगीतातलाच शब्द उचलला. मुलीला तो चटकन कळणार, म्हणूनच उचलला असणार.

१० मार्च

आईला मिरजेला फोन. ती 'मध्यमा पूर्ण'पर्यंत शिकलेली. विचारलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाली, "खर्ज म्हण की. सकाळी उठून खर्ज लावला नाही तर दिवसभराच्या गाण्याला बूड नसतं."

मी पत्राचा मराठी मसुदा वाचून दाखवला: 'तुझ्यासाठी संगीत हा दागिनाच राहील, तुझ्या असण्याचा खर्ज होणार नाही.'

"पण बापानं शिकवलं तर होतं ना चांगलं?"

शिकवलं होतं, आणि फार चांगलं. पियानोला लुडविग बर्गर, रचनाशास्त्राला त्सेल्टर, दोघांना तेच गुरू. १८१८ मध्ये, तेरा वर्षांची असताना, तिनं वडिलांच्या वाढदिवसाला बाखची चोवीस प्रेल्यूड (छोट्या पियानोरचना) पाठ वाजवली होती. त्सेल्टर कवी गटेंना पत्रांतून तिचं कौतुक कळवायचे. १८३१ मध्ये त्यांनी लिहिलं, ती पुरुषासारखी वाजवते. त्या काळी बाईच्या वादनाला याहून मोठी शाबासकी नव्हती.

आई म्हणाली, "मग त्रास जास्तच. ज्याला चवच माहीत नाही त्याला उपास सोपा." आणि विषय बदलून विचारलं, तिकडे थंडी कमी झाली का.

हे वाक्य संहितेत घ्यायचं का? घेतलं तर आईचं नाव द्यावं लागेल, आणि तिला ते आवडणार नाही. सध्या वहीतच राहू दे.

१६ मार्च, रविवार

थांबे पाहून आले.

पहिला थांबा येगरश्ट्रासे ५१, जेंडार्मेनमार्क्ट चौकाच्या जवळ. घराण्याची बँक इथे होती. आज आत मेंडेल्सोन घराण्यावरचं छोटं प्रदर्शन आहे. इथे पैशाची आणि धर्माची गोष्ट सांगायची. आजोबा मोझेस मेंडेल्सोन, ज्यू तत्त्वज्ञ. १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे आडनावाला 'बार्थोल्डी' जोडलं गेलं. या घराला बर्लिनच्या वरच्या वर्तुळात नुसतं राहायचं नव्हतं, तिथे बोट ठेवायला जागा राहू नये असं राहायचं होतं. मुलीनं चारचौघांत पैसे घेऊन वाजवणं हे त्यात बसणारं नव्हतं.

दुसरा थांबा लाइपत्सिगर श्ट्रासे ३. घर शिल्लक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पाडलं, तिथे प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाची इमारत उभी राहिली, आणि आज तिथे बुंडेसराट, म्हणजे जर्मनीतल्या राज्यांचं सभागृह भरतं. दगडी खांब, कुंपण, पहारा. समोर बस थांबतात, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येणार. इथे लोकांना काहीच दिसणार नाही, सगळं ऐकूनच उभं करायचं आहे.

तर ते असं. १८२५ मध्ये हा प्रशस्त वाडा घराण्यानं घेतला. मागे मोठी बाग, बागेच्या तोंडाशी बैठं घर. १८२९ मध्ये फानीचं चित्रकार विल्हेल्म हेन्सेलशी लग्न झालं. लग्नाआधी तो पाच वर्षं रोममध्ये होता, आणि होणाऱ्या सासूबाईंनी दोघांना एकमेकांशी पत्रव्यवहाराचीही परवानगी दिली नव्हती. लग्नानंतर जोडपं राहिलं याच बागेतल्या घरात. मराठीत याला सरळ शब्द आहे, आणि मी तो वापरणार आहे: घरजावई. शब्दावर लोक हसतील, हसू देत. माहेर सुटलं नाही म्हणून तिचं संगीत सुटलं नाही, हेही त्याच शब्दात आहे. शिवाय नवरा स्वतः कलावंत. बायकोनं रचना छापाव्यात असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. आमच्याकडच्या कितीतरी गोष्टींत खलनायक सासर असतं. इथे ते खातंच रिकामं आहे.

लग्नाची एक हकीकत घ्यायलाच हवी. चर्चमधून बाहेर पडताना वाजवायचं ऑर्गनचं संगीत भाऊ लंडनहून पाठवणार होता. तिथे गाडीच्या अपघातात त्याचा पाय दुखावला आणि संगीत आलं नाही. फानीनं लग्नाच्या आदल्या रात्री बसून ते स्वतः लिहिलं. आपल्याकडे त्या रात्री मेंदी असते.

१७ मार्च

तीन-सव्वातीन किलोमीटरची वाट. बाबागाड्या जातील. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यामध्ये शांत वेळ ठेवायचा, कानात सतत कुणी बोललेलं नको होतं.

२० मार्च

रविवारच्या मैफलींचा भाग लिहिला. आतापर्यंतचा सगळ्यांत आवडता.

घरात रविवारी संगीत व्हावं ही प्रथा वडिलांनी मुलासाठी सुरू केली होती. १८३१ मध्ये फानीनं ती पुन्हा उभी केली आणि स्वतःची केली. कार्यक्रम ती ठरवायची, गायकवृंद ती तयार करायची, पियानोवर ती, संचालनही तीच. बाख, बेटहोफेन, ग्लुक, भावाच्या रचना, कधी स्वतःच्या. बागेकडच्या दिवाणखान्यात शंभर-दोनशे माणसं. पियानोवादक लिस्ट येऊन गेला, पियानोवादक क्लारा शूमान आली. तिच्या गायकवृंदात गाणाऱ्या योहाना किंकेल या संगीतकार बाईंनी लिहून ठेवलंय की फानीच्या करंगळीच्या एका झटक्यानं विजेचा धक्का बसावा तसं व्हायचं.

इतकं सगळं असून कागदोपत्री हे 'खासगी'. तिकीट नाही, त्यामुळे वर्तमानपत्रात परीक्षण नाही, त्यामुळे इतिहासात नोंद नाही. बर्लिनमधला एक उत्तम संगीतमंच सोळा वर्षं चालला आणि त्याची गणना पाहुणचारात झाली. बाहेर, चारचौघांत, तिनं वाजवल्याची एकच नोंद माहीत आहे: फेब्रुवारी १८३८, धर्मादाय कार्यक्रम. वाजवला तो भावाचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना.

मोजणी: फेलिक्स ११, फानी ३१. बरं चाललंय.

२३ मार्च, रविवार

आज भावाला आत घ्यावंच लागलं. सहा गाण्यांचा प्रश्न होता.

फेलिक्सनं आठवा आणि नववा हे दोन गीतसंच छापले, प्रत्येकात बारा गाणी. त्यांतली तीन-तीन फानीची. नाव मुखपृष्ठावर एकाचंच.

१८४२ च्या जुलैमध्ये तो बकिंगहॅम राजवाड्यात गेला. राणी व्हिक्टोरियानं त्याच्याच संचातलं एक गाणं गायला घेतलं: 'इटली', शब्द ग्रिलपार्त्सरचे. ते नेमकं बहिणीचं निघालं. त्यानं तिथल्या तिथे कबूल केलं, आणि ते फार जड गेलं असं आईला पत्रात लिहिलं. मग म्हणाला, आता माझंही एखादं गा.

हा प्रसंग सगळे गंमत म्हणून सांगतात. मीही तसाच लिहिला होता. परत वाचताना वाटलं, यात फानी कुठे आहे? ती बर्लिनमध्ये आहे, घरी. तिच्या गाण्यानं राजवाड्यातल्या तिघांना, राणीला, अल्बर्टला आणि भावाला, आनंद दिला. तिला हे टपालानं कळलं. शेवटचं वाक्य तेवढंच ठेवलं: 'तिला हे टपालानं कळलं.' राणीचा आवाज कसा होता वगैरे काढून टाकलं. मित्राला ते हवं होतं. नाही म्हटलं.

३० मार्च, रविवार

मित्राशी दीड तास वाद. त्याचं म्हणणं: "पंचवीस मिनिटांत लोकांना कुणावर तरी राग यायला हवा. भावानं दाबलं हे स्वच्छ सांग."

पुरावा त्याच्या बाजूनं आहे. आई लेआ यांनी १८३७ मध्ये मुलाला विनवलं की तू बहिणीला छापायला उत्तेजन दे. २४ जूनचं त्याचं उत्तर उपलब्ध आहे. सार असं: लेखक होण्याची तिला ना हौस आहे ना ओढ, ती घर नीट सांभाळते, आणि ती पहिली कामं झाल्याखेरीज ना लोकांचा विचार करते ना संगीताचा, छापणं तिला यात व्यत्ययच ठरेल. तिनं स्वतः ठरवलं तर मदत करीन, पण मी होऊन तिला उद्युक्त करणार नाही.

वाचताना मलाही राग आला. पण याच माणसानं तिला मिनर्व्हा, म्हणजे रोमन विद्यादेवी, म्हटलं, 'जाड भुवयांचा कँटर' (चर्चमधला संगीतप्रमुख) म्हणून चिडवलं आणि लहानपणापासून प्रत्येक रचना आधी तिच्यापुढे ठेवली. फानीनं लिहिलंय की त्याचे ऑपेरे एक स्वरही कागदावर उतरायच्या आधी तिला पाठ असायचे. म्हणजे तिचा कान त्याला हवा होता, आणि खासगीतला हवा होता. त्याला दुष्ट ठरवलं की गोष्ट सोपी होते, आणि घराची ती सगळी मांडणी, म्हणजे पैसा, नवा धर्म, प्रतिष्ठा, अलगद सुटून जाते.

क्लाराकडे पाहा. तिचे वडील पियानो शिकवणारे आणि विकणारे. मुलीचं वादन हीही घराची मिळकत. तिची पहिली कृती १८३१ मध्ये छापली तेव्हा ती बारा वर्षांचीही नव्हती. मुलगी असणं दोघींना सारखंच लागू होतं. फानीला शिवाय श्रीमंतीही नडली.

तडजोड: १८३७ चं पत्र संहितेत पूर्ण येईल, माझ्या शेऱ्याशिवाय. राग ज्याचा त्यानं ठरवावा.

मोजणी: फेलिक्स २४. वाढला. त्याला टाळून लिहिलं की तीही अर्धी होते, हे आता पटत चाललंय. संगीताबद्दल ती सगळ्यांत मोकळेपणी बोलली ती त्याच्याशीच.

६ एप्रिल, रविवार

तंतुवाद्यांचा चौताली संच, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. ('चौताली' नको, लोकांना ताल वाटेल. 'चार तंतुवाद्यांसाठीची रचना' असं सरळ म्हणायचं.) १८३४ मधली. भावाला बांधणी सैल वाटली, त्यानं तसं कळवलं. तिनं फेब्रुवारी १८३५ मध्ये दिलेलं उत्तर: बेटहोफेनच्या अखेरच्या काळातल्या संगीतात मी अडकून पडले, लांब पल्ल्याचा विचार तोलून धरण्याचं बळ माझ्यात कमी, म्हणून मला गाणीच जमतात.

हे पत्र नेहमी तिची कबुली म्हणून वाचलं जातं. मी ती रचना या आठवड्यात चारदा ऐकली, घरी आणि ट्राममध्ये. सैल नाही. वाट पाहायला लावणारी आहे. कुठल्या स्वरावर घर आहे हे ती बराच वेळ सांगत नाही. आपल्याकडे रागाचं नाव लगेच उघड न करणारा गवई असतो, त्याला कुणी सैल म्हणत नाही. तिनं पुन्हा क्वार्टेट लिहिलं नाही. ही रचना छापली गेली १९८८ मध्ये.

संहितेत हे दोनच ओळींत बसतंय. वाईट वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

संगीताच्या तुकड्यांचा घोळ. रचनाकार जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी वादकांची ध्वनिमुद्रणं फुकट वापरता येत नाहीत. उपाय: मंडळातली एक मुलगी पियानो शिकते, तिच्याकडून घरच्या पियानोवर दोन मिनिटं वाजवून घ्यायची.

हवं होतं 'डास यार', म्हणजे 'वर्ष'. १८३९-४० मध्ये हेन्सेल कुटुंब इटलीत होतं. रोममध्ये ती तरुण फ्रेंच संगीतकारांना बाख-बेटहोफेन पाठ वाजवून दाखवायची. त्यांत शार्ल गुनो होता, आणि पुढे त्यानं तिच्याबद्दल भरभरून लिहिलं. परत आल्यावर १८४१ मध्ये तिनं बारा महिन्यांचे बारा पियानोतुकडे आणि एक उपसंहार रचला. थोडक्यात, बारामासा. सुवाच्य प्रत तिनं महिन्यागणिक वेगळ्या रंगाच्या कागदावर उतरवली आणि नवऱ्यानं प्रत्येक महिन्याला चित्र काढलं. ती प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. वाचनालयातून तिची छापील प्रतिकृती आणली, आठवडाभर टेबलावर उघडी आहे. मार्चमध्ये ईस्टरचं स्तोत्र, डिसेंबरमध्ये नाताळचं. अख्खा संच पहिल्यांदा छापला १९८९ मध्ये. कपाटात पडून राहिल्याची ही रंगीत पुरावापत्रिका.

मुलीनं 'सप्टेंबर' पाहिला (उपशीर्षक 'नदीकाठी') आणि म्हणाली, "मावशी, मला अजून दोन वर्षं लागतील." ठीक. फानीच्या पहिल्या कृतीतलं पहिलं गाणं, हाइनेच्या कवितेवरचं 'हंसगीत', त्याची साथ तिला जमते. सूर मी गुणगुणणार. जर्मन शब्द म्हणायचं धाडस नाही.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सुट्टी. बाहेर मुलं बागेत अंडी शोधतायत. योगायोगानं आज 'ईस्टर सोनाटा'चा भाग.

१८२८ ची रचना, पियानोसाठी चार भाग. कागदपत्रांत उल्लेख, पण संहिता बेपत्ता. १९७० मध्ये पॅरिसमध्ये एक हस्तलिखित सापडलं, वर 'एफ. मेंडेल्सोन'. एफ म्हणजे फेलिक्स, दुसरा कोण? १९७२ मध्ये ती त्याच्या नावानं ध्वनिमुद्रितही झाली. अमेरिकी संशोधक अँजेला मेस ख्रिश्चन यांना शंका होती. २०१० मध्ये त्यांना हस्तलिखित पाहायला मिळालं. अक्षर फानीचं. पानांवरचे आकडे तिच्याच एका वहीतून गहाळ झालेल्या पानांशी जुळले. २०१२ मध्ये ड्यूक विद्यापीठात ती पहिल्यांदा तिच्या नावानं वाजली, २०१७ च्या महिलादिनी लंडनमध्ये, रेडिओवरून.

ती त्याचीच वाटावी इतकी दमदार आहे म्हणून भावाच्या नावावर खपली, असा युक्तिवाद कुठेतरी वाचला होता. मला तो आवडत नाही. तिच्या दमदारपणाला त्याचं प्रमाणपत्र कशाला?

हा भाग कुठे ठेवायचा? जागा नाही त्याला, पॅरिस फेरीत येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यामधल्या चालण्यात टाकला. शांत वेळ निम्मा झाला.

२७ एप्रिल, रविवार

ध्वनिमुद्रण, स्वयंपाकघरात, फ्रिज बंद करून. अकरा वेळा अडखळले ते एकाच पत्रावर.

९ जुलै १८४६. फानी भावाला कळवते की मी छापायला सुरुवात करतेय. तिचं वय चाळीस. ती लिहिते की चौदाव्या वर्षी वडिलांची वाटायची तशी भीती मला चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते. मी काही स्वैर बाई नाही, माझ्यामुळे तुम्हाला कमीपणा येणार नाही अशी आशा आहे. आधी मी ते रडवेल्या सुरात वाचलं. मित्र म्हणाला, "ही बाई विचारत नाहीये, सांगतेय." खरंच. परवानगी मागणाऱ्याच्या चालीवर लिहिलेलं कळवणारं पत्र. मग थोडं खट्याळ, थोडं घाबरट असं वाचलं. जमलं.

भावाचं उत्तर महिन्याभरानं आलं, १२ ऑगस्टला. त्यात त्यानं तिला 'कारागिरीचा आशीर्वाद' दिला, जणू कारागिरांच्या पंक्तीत एकाची भर पडली. तिनं रोजनिशीत लिहिलं की मनातून त्याला हे पसंत नाही, मला माहीत आहे, तरी चांगला शब्द बोलला याचा आनंद आहे.

पहिली कृती त्याच वर्षी निघाली, सहा गाणी. फेलिक्सची पहिली चौदाव्या वर्षी निघाली होती, हिची चाळिसाव्या. पुढच्या काही महिन्यांत सातव्या कृतीपर्यंत मजल गेली. एप्रिल १८४७ मध्ये बहीण रेबेकाच्या वाढदिवसाला पियानो, व्हायोलिन आणि चेलोचं त्रिकूट वाजलं. ते ऐकताना ही बाई आता कुठे वेग घेतेय असं वाटतं, आणि तारीख पाहिली की घसा कोरडा पडतो. हे वाक्य संहितेतून मित्रानं कापलं. वहीत ठेवते.

१ मे

मंडळाचा महाराष्ट्र दिन. पुरणपोळ्यांपुढे फानी मागे पडली.

४ मे, रविवार

चाचणी फेरी, चौघं. पहिल्या थांब्यावर आवाज बारीक, दुसऱ्यावर अपेक्षेप्रमाणे बस.

तिसरा थांबा क्रॉइत्सबेर्गमध्ये, हालेशेस टोअरच्या दक्षिणेची जुनी दफनभूमी. आत शिरलं की रस्त्याचा आवाज बसतो. मेंडेल्सोन कुटुंब एका ठिकाणी आहे: आईवडील, फानी, विल्हेल्म, फेलिक्स.

इथे शेवटचा दिवस सांगायचा. शुक्रवार, १४ मे १८४७. येत्या रविवारची तालीम चालू होती, 'पहिली वालपुर्गिस रात्र', भावाची रचना. पियानोवर असताना तिचे हात बधिर झाले. असं आधीही होऊन गेलं होतं, म्हणून फार कुणी घाबरलं नाही. पक्षाघात होता. रात्री ती गेली. वय एक्केचाळीस. बातमी कळताच फेलिक्स कोसळला. त्या उन्हाळ्यात त्यानं फ-मायनर क्वार्टेट लिहिलं, ४ नोव्हेंबरला तोही गेला, वय अडतीस. त्याला तिच्या शेजारी ठेवलं. (त्याचं नाव इथे तीनदा येतं. मोजणीत धरलं, पण काढलं नाही.)

आदल्या दिवशी, तेरा तारखेला, तिनं आइखेनडोर्फच्या कवितेवर शेवटचं गाणं लिहिलं होतं: 'डोंगराचा आनंद'. त्याची अखेरची ओळ स्वरलिपीसकट तिच्या दगडावर कोरली आहे. विचार आणि गाणी थेट स्वर्गापर्यंत जात राहतात, असा अर्थ.

पियानो शिकणाऱ्या मुलीनं दगडावर बोट फिरवत ती वाचायचा प्रयत्न केला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा हळू आवाजात म्हणाली. मित्रानं फोन बाहेर काढेपर्यंत संपलं होतं. "परत म्हण ना," तो म्हणाला. ती लाजली. संहितेतला समारोपाचा परिच्छेद काढून टाकला. त्या जागी वीस सेकंद शांतता ठेवली, लोकांनी दगड पाहावा म्हणून.

शेवटची मोजणी: फेलिक्स २२, फानी ४७.

११ मे, रविवार

फेरी झाली. एकतीस मोठे, नऊ मुलं, एक कुत्रा. ऊन. 'घरजावई'ला हशा, १८३७ च्या पत्राला अपेक्षेपेक्षा मोठी शांतता. एका काकांनी दफनभूमीच्या फाटकाशी सांगितलं की त्यांची आत्या सनई वाजवायची, कुणी ऐकलेली नाही, फक्त आजी सांगायची. आणखी सांगा म्हटलं, तर म्हणाले, एवढंच माहीत आहे.

१२ मे

दुरुस्त्या: ६ व्या मिनिटाला तारीख दोनदा आली, १४ व्या मिनिटाला बस, 'हेन्सेल' मी दोन ठिकाणी 'हान्सेल' म्हटलंय. नवी फाइल चढवली.

सकाळी फेरीला न आलेल्या एका ताईंचा निरोप: "एफ_मेंडेल्सोन_अंतिम अशी फाइल मिळाली. ही फेलिक्सची आहे ना? फानीची पाठव की."

फाइलचं, फोल्डरचं आणि दुव्याचं नाव बदललं. काल ज्यांनी उतरवून घेतली, त्या एकतीस फोनांवर मात्र तेच नाव आहे.